सोमवारची पिवळी ज्योत

रविवार, १६ नोव्हेंबर. सामरवरणी. सुमनबाईंची गंधमुक्ती, म्हणजे दिवसकार्यातला शेवटचा विधी. हजर : मुलगी वर्षा, जावई, शिरपूरकडून आलेले दोन दीर, शेजारच्या बाया आणि आमच्या प्रयोगशाळेतून आम्ही चौघं. ही नोंद मी तिथेच खुर्चीवर बसून डायरीत केली. कुठेही गेले की आधी तारीख आणि माणसं लिहायची, ही माझी सवय सुमनबाईंना चांगली ठाऊक होती. त्या असत्या तर ‘ताई, जेवाले काय व्हतं तेबी लिखी ल्या’ असं त्यांनी नक्की सुनावलं असतं. निघताना वर्षा फाटकापर्यंत आली. म्हणाली, ‘‘मॅडम, आई नेहमी सांगायची, कंपनीच्या मोठ्या पुस्तकात माझं नाव आहे. त्या पानाचा फोटो मिळेल का? फ्रेम करून आईच्या फोटोशेजारी लावायचाय.’’ मी ‘बघते’ म्हटलं. ते पान मला पाठ आहे. त्यावर सुमनबाईंचं नाव माझ्याच अक्षरात आहे आणि ते कौतुकानं लिहिलेलं नाही.

आमची कंपनी सिल्वासाजवळ मसाटच्या औद्योगिक वसाहतीत आहे. आम्ही औषधांत जाणारं पोटॅशियम क्लोराइड शुद्ध करतो. मी नाशिकहून इथे आले तेव्हा सुमनबाई प्रयोगशाळेत काचसामान धुण्याच्या कामावर होत्या. नवरा गेलेला, मुलगी शाळेत. शिक्षण चौथीपर्यंत. बोलणं अहिराणी, त्यात सिल्वासात राहून आलेली गुजराती आणि हिंदी. धुतलेला फ्लास्क त्या खिडकीकडे धरायच्या. आतल्या काचेवरून पाणी अखंड पडद्यासारखं उतरलं तर ‘चोख्खं’ म्हणायच्या, एखादा थेंब जरी अडकून राहिला तरी पुन्हा पहिल्यापासून. ‘सुमनबाई, झालं की आता’ म्हटलं तर उत्तर यायचं, ‘‘तुमनं व्हयनं व्हई, फ्लास्कनं नही व्हयनं.’’ म्हणजे तुमचं झालं असेल, फ्लास्कचं नाही.

पोटॅशियमच्या क्षारात सोडियम किती मिसळलं आहे, हे पाहायला आमच्याकडे ज्योतीचं यंत्र आहे. क्षाराचं पाणी ज्योतीत फवारायचं. सोडियम असेल तर ज्योत पिवळी होते, पोटॅशियमची झाक जांभळट. सुमनबाईंचं सिंक त्या यंत्राच्या अगदी शेजारी. एकदा त्यांनी विचारलं, ‘‘पाणी ते पांढरं, मंग रंग कोठून येस?’’ मी सांगितलं, की प्रत्येक अणूत मध्ये केंद्रक असतं आणि भोवती इलेक्ट्रॉन, पण कुठेही नाही, ठरावीक पायऱ्यांवर. ज्योतीची उष्णता मिळाली की सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो, तिथे त्याला फार वेळ राहता येत नाही, आणि उतरताना तो घेतलेली ऊर्जा प्रकाश म्हणून टाकून देतो. सोडियमच्या पायऱ्यांची उंची वेगळी, पोटॅशियमच्या वेगळी, म्हणून रंग वेगळे. हात पुसत, ज्योतीकडे बघत त्या म्हणाल्या, ‘‘म्हंजे वर चढताना कोणी बी चढस. उतरताना कळस, कोण शे ते.’’ सोडियम आणि पोटॅशियम दोघांच्याही सर्वांत बाहेरच्या पायरीवर एकच इलेक्ट्रॉन असतो, त्यामुळे त्यांचा स्वभाव सारखा, म्हणून ते निसर्गात एकत्र सापडतात आणि वेगळे करायला जड जातात, हे ऐकल्यावर त्यांनी निकाल दिला : ‘‘सख्ख्या जावा शेतस.’’ तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेत सोडियमला धाकटी जाऊ म्हणतात. नवीन आलेल्या बीएस्सीच्या मुली पहिल्या आठवड्यात गोंधळतात, दुसऱ्या आठवड्यात स्वतःच म्हणू लागतात.

आता त्या पानाबद्दल. एका उन्हाळ्यात आमच्या मालात सोडियम मर्यादेबाहेर दिसू लागलं. रोज नाही, मधूनच. चांगला माल अडकून पडला. मी कारणांची यादी केली, चौदा कारणं : कच्चा माल, गाळणी, यंत्र, वजनकाटा, हातमोजे, असं सगळं. एकेक तपासून खूण करत गेले. तेरा कारणांना कागद होता. कुठे तपासणीचा दाखला, कुठे तारखेसह सही. एकालाच कागद नव्हता, काचसामानाची धुलाई. तिथे फक्त सुमनबाईंचा शब्द. कागद नाही म्हणून मी नोंदवहीत लिहिलं, ‘कारण : काचसामानाची अपुरी धुलाई. संबंधित : सुमन वाघ.’ त्यांना वाचून दाखवलं, सही घेतली. त्यांनी एवढंच म्हटलं, ‘‘ताई, सोमवारे ज्योत पिवळी व्हस. बाकीना दिन नही. मी काय फक्त शनवारेच खराब धुस?’’ मी ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही. त्यांची बदली पॅकिंगला झाली.

त्या गेल्या, धुण्यावर दुसरी बाई आली. पुढच्या सोमवारी सोडियम पुन्हा हजर. तेव्हा मी त्यांचं वाक्य डायरीत लिहून त्याच्याकडे नीट पाहिलं. शनिवार ते सोमवार प्रयोगशाळेत काहीच हलत नाही. मग बदलतं काय? एकच गोष्ट तिथे नुसती उभी असते, बाटलीतलं शुद्ध पाणी, जे एरवी रोज ताजं भरलं जातं. आणि ती बाटली नवी होती. आधी आम्ही ते पाणी प्लास्टिकच्या डब्यात ठेवायचो. डबा पिवळट दिसतो, त्यावर लेबल टिकत नाही, कोपरे सुटतात... म्हणून मी स्वस्तातल्या काचेच्या बाटल्या मागवल्या होत्या. साध्या काचेतच सोडियम असतं आणि ते अतिशुद्ध पाण्यात हळूहळू उतरतं, हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण माझ्या चौदा कारणांत माझ्या बाटल्या नव्हत्या. वर गंमत अशी, की यंत्राचं शून्य लावायला आम्ही पाणी शुद्ध करणाऱ्या संचाच्या नळीतून ताजं पाणी घ्यायचो आणि नमुना विरघळवायला बाटलीतलं, त्यामुळे पाण्याचा दोष मालाच्या नावावर जात होता.

शनिवारी मी एक काचेची बाटली आणि एक जुना डबा शेजारी शेजारी भरून ठेवला. सोमवारी सुमनबाईंना पॅकिंगमधून बोलावून घेतलं. डब्यातलं पाणी फवारलं, ज्योत निळी. बाटलीतलं फवारलं, ज्योत पिवळी. मी म्हटलं, ‘‘सुमनबाई, चूक माझी. तुमच्या धुण्यात काही नव्हतं.’’ त्यांनी बाटली हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘लेबल मात्र झ्याक बसेल शे, ताई.’’ मग पदर खोचून सिंककडे गेल्या आणि दुसऱ्या बाईनं धुतलेले सगळे फ्लास्क पुन्हा धुवायला काढले.

माल पुन्हा तपासला, तो चांगला निघाला, रवाना झाला. त्यानंतरची वर्षं छान गेली. सुमनबाईंनी नव्या मुलींना धुवायला शिकवलं, आणि मी धुलाईला कागद तयार केला, ज्यात प्रत्येक फेरीपुढे त्यांची सही. ‘रोजनी इतली सही तर कलेक्टर बी करत नसतीन,’ म्हणून त्या कुरकुरायच्या आणि मोठ्या झोकात सही करायच्या. एकदा वर्षानं घरी पाठ्यपुस्तकातून ‘शुद्ध पदार्थ म्हणजे ज्यात एकाच प्रकारचे कण असतात’ असं वाचलं तर सुमनबाईंनी तिला सांगितलं म्हणे, ‘‘पुस्तकमा राहत असीन. आमना मॅडमले इचार, त्या बी शंभर लिखतस नही.’’ खरं आहे. मी वीस वर्षांत एकाही दाखल्यावर शंभर टक्के लिहिलेलं नाही.

ती नोंद मात्र तशीच राहिली. तेव्हाचे व्यवस्थापक म्हणाले होते, ‘‘मॅडम, प्रकरण बंद झालंय, उघडू नका. तपासणीवाले शंभर प्रश्न विचारतील.’’ मला ते सोयीचं वाटलं. ‘नोंद दुरुस्त करणे’ हे काम मी डायरीत लिहीत होते आणि दर वर्षी नव्या डायरीत उतरवत होते. निवृत्तीच्या दिवशी पेढे देताना सुमनबाईंनी हळूच विचारलं, ‘‘ते पान...?’’ मी म्हटलं, ‘‘करते.’’ ‘‘घाई नही,’’ त्या म्हणाल्या. त्या पानावर काय आहे हे त्यांना शब्दन् शब्द माहीत होतं. घरी मात्र त्यांनी फक्त ‘माझं नाव पुस्तकात आहे’ एवढंच सांगितलं. मुलीला वाईट वाटू नये म्हणून, की माझी लाज झाकावी म्हणून, हे आता विचारता येणार नाही.

गंधमुक्तीनंतरच्या सोमवारी मी रेकॉर्ड रूममधून ती वही काढली. आत्ताच्या व्यवस्थापकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘करा ना मग, इतकी वर्षं कशाला थांबलात?’’ जुन्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. खाली लिहिलं, ‘कारण : काचेच्या बाटलीतून पाण्यात उतरलेलं सोडियम. बाटल्या मी मागवल्या होत्या. दोष फक्त सोमवारी दिसतो, हे प्रथम सुमन वाघ यांच्या लक्षात आलं.’ सही, तारीख, साक्षीदाराची सही. पाच मिनिटांचं काम होतं.

पण आमच्याकडे खोडताना शाई फासत नाहीत. एकच रेघ, आणि खालचं अक्षर वाचता आलंच पाहिजे, असा नियम आहे आणि तो योग्य आहे. त्यामुळे पानाचा फोटो पाठवला तर वर्षा आधी वरची ओळ वाचेल, मग खालची. तिच्या आईचं नाव दोन्हींत आहे. हे फोनवर सांगायचं नाही, समोर बसून सांगायचं, आणि हा लेख छापून तिच्या हातात पडायच्या आत सांगायचं. फोटो काढून ठेवला आहे. आज गुरुवार. सामरवरणीला जायचं अजून राहिलं आहे.