साखऱ्याला नेलेलं हिरवं लुगडं

नांदेडहून निघालेली एस.टी. वसमतच्या स्थानकात शिरली, तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. हवेत शिजवलेल्या हळदीचा वास होता. माझं गाव इथून जवळच, पण पुण्यात घर केल्यापासून मी या बाजूला फिरकलो नव्हतो. चुलतभावाचा फोन आला म्हणून आलो. "आपली कौसा गेली. परवा तेरावा हाये, साखऱ्याला," एवढंच तो बोलला. मीही जास्त विचारलं नाही.

कौसा माझी सख्खी धाकटी बहीण.

आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. ते लुगडं भावानं न्यायचं. त्याला मी उशीर केलाच होता, तरी रिकाम्या हातानं जाववेना. बाजारातल्या एका दुकानात शिरलो.

"कार्याला का मातीला (अंत्यविधीला)?" दुकानदारानं विचारलं.

"मातीला."

"सवाष्ण हाय का?"

बहिणीचा नवरा आहे की गेला, हे मला माहीत नव्हतं.

दुकानदार गठ्ठ्याची गाठ सोडता सोडता थांबला. "काका, नात्यातलीच हाय ना बाई?"

"हिरवं द्या," मी म्हणालो.

औंढ्यावरून हिंगोलीला जाणाऱ्या गाडीत खिडकीजवळ बसलो. ज्वारी निघून गेलेली, रानं उघडी. पिशवी मांडीवर होती. साखऱ्यात काय सांगायचं, ते मनात घोळवत होतो.

गोष्ट जुनी आहे. कौसाची मुलगी मीरा अंगावर पीत होती, तेव्हा जवळच्या तांड्यावर (बंजारा वस्तीवर) एक बाई बाळंतपणात गेली. कौसानं तिचं पोर उचलून आणलं आणि मीराच्या जोडीनं पाजलं. तिच्या सासरच्यांनी ते सोसलं. मला, पुढारलेला म्हणून मिरवणाऱ्या भावाला, सोसलं नाही. मी जाणं-येणं तोडलं. पुढं वर्षभरात आमची आई गेली. सगळे म्हणाले, कौसासाठी थांबू. मी सांगितलं, माणूस पाठवला होता, ती येत नाही म्हणाली. मी कोणालाही पाठवलं नव्हतं. त्या दिवसापासून भावकीत कौसा आईच्या मातीलाही न आलेली लेक ठरली.

हिंगोलीहून सेनगाव, आणि तिथून साखऱ्याची जीप. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "कोनाकडं?"

"कौसाबाईंकडं."

"मावशीच्या तेराव्याला? आमी बी तिकडंच. तुमी कोन तिचे?"

"ओळखीचा," मी म्हणालो. एवढा प्रवास करूनही तोंडातून खोटंच निघालं.

अंगणात मांडव होता आणि माणसं रस्त्यापर्यंत बसलेली. माझा अंदाज होता, कोणी ओळखलंच तर शिव्या खाव्या लागतील. एक बाई पुढं आली. कौसाचंच कपाळ, तेच डोळे. ती मीरा.

"मामा?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तांब्या घेऊन माझे पाय धुवायला बसली.

मी गडबडून पिशवीतलं लुगडं काढलं. हिरवा रंग पाहून बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

"आयला हिरवं कसं चालंल, मामा?" मीरा हळूच म्हणाली. "बाबा जाऊन लई वरसं झाली."

लुगडं माझ्या हातातच राहिलं.

"मग कौसाला माहेरचं लुगडं..." मी विचारलं.

"कोनाकोनाचं सांगू? अंगावर मावंनात," जीपमधली म्हातारी म्हणाली. "आमच्या गावानं आनलं, तांड्यानं आनलं. मावशीनं लोकायच्या लेकीबाळीला नेसवलं, मग तिला कमी पडंल व्हय?"

त्या बायकांकडून मला कळलं ते असं. एखादी बाई जायची आणि माहेरचं कोणी यायचं नाही. परमुलखातली असायची, पळून लग्न केलेली असायची, कधी माहेर रुसलेलं असायचं. बाई तशीच पडून राहायची. मग कौसा लुगडं घेऊन जायची, तिला न्हाऊ घालायची आणि माहेर म्हणून उभी राहायची. तिच्या पेटीत एक हिरवं लुगडं कायम असायचं. बोलावणं कुठूनही येवो, ती निघायची.

"आयला सल होता ना," मीरा म्हणाली. "आजीच्या मातीला जमलं न्हाई तिला. मामानं माणूस धाडला होता, पर दोन लेकरं अंगावर. मीच कमी पडले, म्हनायची."

मी पसरवलेलं खोटं कौसानं स्वतःच्या लेकीला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

"मीरा," मी म्हणालो, "मी माणूस धाडला नव्हता. तुझ्या आईला कोणी कळवलंच नाही. मी मुद्दाम कळवलं नाही."

मीरा माझ्याकडं नुसती बघत राहिली. खांबाला टेकलेला एक उंच, पिकल्या मिशांचा माणूस पुढं आला. हा किसन, कौसानं पाजलेलं तांड्यावरचं पोर.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "याडीनं (आईनं) मला एकट्याला सांगितलं होतं. म्हनली, मीरीला कळू देऊ नको. लेकराला मामा असावा, वंगाळ का होईना."

कोणीतरी हसलं, आणि लगेच डोळ्यांना पदर लावला. मीरा उठून घरात गेली. माझ्यापुढं ताट आलं.

तेवढ्यात मीरा फोन कानाला लावूनच बाहेर आली. जवळा बाजारजवळच्या एका गावातून कोणी कौसाला विचारत होतं. ती गेल्याचं तिकडं पोचलंच नव्हतं. तिथं कापूस वेचायला आलेली आणि तिथंच संसार मांडलेली एक सवाष्ण बाई सकाळी गेली होती. माहेरचं कोणी नव्हतं. बाई अंगणात तशीच होती.

मीरानं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या लुगड्याकडं.

"आय न्हाई आता," ती फोनमध्ये म्हणाली. "पर मामा येऊन राहिलेत."

किसननं जीप काढली. वाटेत तो फक्त एकदा बोलला. "मामा, तिथं रडायचं न्हाई पहिलं. पहिलं लुगडं द्यायचं."

गावात पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. बायकांनी लुगडं घेतलं, आडोसा धरला. बाईचा नवरा माझ्यासमोर आला. हडकलेला माणूस, हात जोडलेले.

"तुमी कोन?"

"भाऊ," मी म्हणालो.

त्यानं आणखी काही विचारलं नाही. माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. हिरव्या लुगड्यात ती बाई फार लहान दिसत होती. माझ्या आईला कौसासाठी न थांबता मीच उचलायला लावलं होतं. तो हुकूमही मला तिथं आठवला.

"उचलायचं का, भाऊ?" एकानं विचारलं. माहेरच्यानं हो म्हटल्याशिवाय उचलत नाहीत.

"उचला," मी म्हणालो, आणि पुढून खांदा दिला.

दुसऱ्या दिवशी जवळा बाजारात परभणीची गाडी यायला वेळ होता. मी एक हिरवं लुगडं घेतलं आणि किसनच्या हातात दिलं. "कौसाच्या पेटीत ठेव."

"ठेवतो," तो म्हणाला. "पर लुगडं आपलं आपन जात न्हाई, मामा. घेऊन जायला मानूस लागतं."

पुण्यात येऊन हे लिहितो आहे, ते आमच्या सगळ्या भावकीनं वाचावं म्हणून. कौसा आईच्या मातीला आली नाही, कारण तिला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर ती दोन्ही लेकरं काखेला घेऊन चालत आली असती. पिशवी मी अजून आवरून ठेवलेली नाही. मीराकडं माझा नंबर आहे.