विकलेला माल परत घेतला जाणार नाही

एका ओळीची खरी किंमत सांगतो.

दुकानाची पुढची अख्खी काच. दत्ताशेठच्या कपाळाला टाके. आणि माझा वरचा दात.

ओळ होती, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

आज पहाटे दत्ताशेठ गेले. नाशिकच्या भांडी बाजारातले, तांब्या-पितळेचे दत्ताशेठ.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. गंगापूर रोडला माझा सायबर कॅफे होता. शेठ आले नि म्हणाले, "ए इंजिनियर, मला इंटरनेटवर दुकान टाकून दे."

मी दहावी नापास. पण शेठनी इंजिनियर म्हटलं की मी झालोच!

मी म्हटलं, "पत्ता कशाला शेठ, ईमेल पुरे."

"पत्ता टाक, फोन टाक, माझं पूर्ण नाव टाक. धंदा करतो मी, दरोडा नाही."

आणि मग ती ओळ. लाल. लुकलुकणारी.

"ही पाहिजेच का, शेठ?"

"माझ्या दुकानातून गेलेलं भांडं आजवर परत आलेलं नाही. येणारही नाही. लिही."

पहिली मोठी ऑर्डर दुबईहून आली. पिंपळगाव बसवंतचा एक पोरगा तिकडे नोकरीला. बहिणीच्या रुखवतासाठी त्याने घंगाळ आणि तांब्या मागवला, पैसे आधी भरून. माल टेम्पोने त्याच्या घरी गेला.

तो लग्नाला गावी आला, पार्सल उघडलं, तर तांब्याला हा एवढा पोचा.

त्याने फोन केला. शेठ म्हणाले, "ओळ वाचली नाही का? लुकलुकती ठेवलीय मुद्दाम."

त्याच दुपारी मी शेठच्या दुकानात बसलो असताना समोर टेम्पो थांबला.

आधी काचेतून तांब्या आत आला. मग तो, आणि मागून त्याचे चुलतभाऊ.

पळ्या, झाकणं, पराती, हाताला लागेल ते उडत होतं. शेठनी पातेल्याने एकाचं नाक फोडलं. मी मध्ये पडलो, तोंडावर उलथनं बसलं, दात जिभेवर आला.

त्या पोराने खाली पडलेला तोच तांब्या उचलला आणि शेठच्या कपाळावर हाणला.

ठण्ण.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

शेठ काचांवर पडले. डोळ्यांत रक्त. तरी हा छातीवर बसून मारतोय. "आता लुकलुकतंय का? सांग की, आता लुकलुकतंय का?"

"दादा, सोड! म्हातारा मेला तर माझं लगीन मोडंल!"

टेम्पोतून नवरी उतरली होती. हळद लागलेली पोरगी उंबरा ओलांडत नाही, ही थेट भांडी बाजारात.

त्याचा हात थांबला.

ती शेठजवळ बसली. "काका, सासरचे म्हणतील चेपका तांब्या दिला. जल्मभर ऐकावं लागंल मला. तुमचा पत्ता होता म्हणून आलो तरी. नसता तर कुणाकडं रडायचं?"

फौजदार आले. त्यांनी दोघांचंही ऐकलं.

"मारामारीचं यांना बघतोच. पण शेठ, ती ओळ बिलावर छापा नायतर कॉम्प्युटरवर, कायद्यात बसत नाय. खराब माल गेला तर बदलून द्यावाच लागतो."

शेठ कपाळाला रुमाल दाबून उठले. फळीवरचा नवा तांब्या काढला, उजेडात सगळीकडून फिरवून पाहिला आणि पोरीच्या हातात दिला.

"साहेब, माझी तक्रार नाही. लग्न होऊ द्या."

टाके घालून दुसऱ्या दिवशी कॅफेत हजर.

"ती ओळ काढ."

"मग काय लिहू?"

"पोचा आला तर बदलून देऊ." कपाळाची पट्टी चाचपली. "आणि पुढे लिही, येताना एकट्याने यावे."

तरी बाजारात चहा पिताना शेवटपर्यंत ऐकवायचे, "माझं भांडं कधी परत आलेलं नाही!" मी ओठ मिटून बसायचो. उघडले असते तर दाताची फट दिसली असती.

शेठ, या आता. इंजिनियरचा नमस्कार.

आज सकाळी शेठच्या मुलाने त्यांच्या तोंडात गंगेचं पाणी घातलं. तांब्या तोच होता. त्याला दोन पोचे आहेत. एक टेम्पोतला, एक शेठच्या कपाळाचा.