वरची कड

ग्यानोबामामांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि मला फार चांगलं लिहिता येत होतं. सगळा घोटाळा त्यातून झाला.

मी बसवराज, मूळचा देगलूरचा. घरात कानडी, बाजारात तेलुगू, शाळेत मराठी आणि भांडणात दखनी, अशा चार भाषा येणाऱ्या माणसाला स्वतःबद्दल जरा जास्तच वाटतं, तसं मलाही वाटायचं. एकोणीसशे ऐंशी साली मास्तर म्हणून बेलदऱ्याला आलो. गाव अहमदपूर तालुक्याच्या पार टोकाला; डोंगरावरून थुंकलं तर नांदेड जिल्ह्यात पडतं, असं लोक सांगायचे. आजूबाजूचे सगळे डोंगर न्हाव्याच्या हाताखालून गेल्यासारखे बोडके आणि आमच्या गावामागचा तेवढा हिरवा. धावडा, खैर, आपटा, सीताफळ, आणि मधल्या मोकळ्या जागांत कमरेइतकं पवन्या गवत.

तो डोंगर ज्यांच्यामुळं उभा होता ते ग्यानोबामामा. पन्नाशीचे, काटकुळे, डोक्याला मळका पटका. तीन एकर रान आणि एक बैलजोडी, एवढाच संसार. गावानं त्यांना डोंगराचे राखणदार नेमलं होतं, त्यांच्या आधी त्यांचे वडील होते. हातात काठी असायची, पण ती कुणावर उगारलेली मी पाहिली नाही. कुणी चोरून गवत आणलं तर मामा त्याच्या दारात जाऊन बसायचे. बोलायचे नाहीत. चहा विचारला तर नको, पाणी विचारलं तर नको. तासा-दोन तासांत त्या घरातून गवताचा भारा निघायचा आणि महादेवाच्या नंदीपुढं जाऊन पडायचा. मग मामा उठायचे.

गावाचा कायदा साधा होता. वर कुऱ्हाड न्यायची नाही. पोळा झाला की डोंगर बंद, आणि त्या दिवशी प्रत्येक घरानं आपला एक विळा महादेवाच्या ओट्यावर आणून ठेवायचा. दिवाळी होऊन गवताचं बी झडलं की पहिल्या सोमवारी मामा ते विळे परत वाटायचे आणि गाव गवत कापायला वर चढायचं. एका घराला एक विळा, तीन दिवस. साठ जनावरांचे धनी अमृतराव पाटील असोत की एका शेळीची मालकीण असलेली म्हातारी असो, विळा एकच. एका वर्षी पाटलांनी लोहाराकडून दीड हाताचा खास विळा घडवून आणला. मामांनी तो वितीनं मोजला आणि शांतपणे म्हणाले, "पाटील, ह्यो विळा हाय का तलवार? लढाईला जायचं आसंल तर घिऊन जा." पाटलांना निमूट दुसरा आणावा लागला.

आणि एक कायदा या सगळ्याहून मोठा. डोंगरमाथ्याला लागून जो पट्टा होता, त्याला वरची कड म्हणत. तिथलं गवत चांगल्या सालात कुणीच कापायचं नाही. वाळलं तर वाळू दे, परत उगवू दे. ते दुष्काळाचं. आणि दुष्काळ कधी म्हणायचा हे पाटील ठरवणार नाहीत, मामाही ठरवणार नाहीत. गावच्या बारवेची नववी पायरी पाण्याबाहेर आली की वरची कड उघडायची. बहात्तर साली ती अशीच उघडली होती आणि शेजारच्या गावांच्या दावणी ओस पडल्या असताना बेलदऱ्याची बहुतेक जनावरं तगली होती. हे मला गावात आल्यावर पहिल्याच आठवड्यात चौघांनी सांगितलं होतं. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. साध्या कागदासाठी उस्मानाबादला खेटे घालणाऱ्या आम्हाला केवढा आनंद! मी शाळेत गूळ-खोबरं वाटलं. पण त्याच सुमारास बातमी आली की नवा जिल्हा म्हणजे नवे रस्ते, रस्त्यांना खडी लागणार, आणि खडीसाठी कंत्राटदार डोंगर बघत फिरताहेत. एक जीप बेलदऱ्यालाही आली. दोन माणसं उतरली, दगडावर हातोडी मारून बघितली आणि गेली. गावात दुसरं बोलणंच राहिलं नाही.

मी मामांना गाठलं. म्हणालो, "मामा, आता आपला जिल्हा आहे. दरखास्त करू. डोंगर सरकारी कागदावर राखीव म्हणून लागला, की कुणाची माय व्याली नाही त्याला हात लावायची."

"कागद कामून पायजे?" मामा म्हणाले. "धा पिढ्या बिनकागदाचा हाय की."

"खडीवाला पिढ्या बघणार नाही मामा, कागद बघणार."

चार दिवस त्यांनी विचार केला. पाचव्या दिवशी शाळेत आले, ओसरीवर बसले आणि म्हणाले, "लिवा. पर वरच्या कडंचं लिवा त्याच्यात. नवव्या पायरीचं बी. ती गोष्ट राहू द्यायची न्हाई, मास्तर."

"लिहितो, काळजी नको," मी म्हणालो.

आणि लिहायला बसल्यावर माझी हुशारी आडवी आली. बारवेच्या पायऱ्या मोजून हे लोक जंगल चालवतात, असं लातूरच्या वनखात्याच्या साहेबाला लिहायचं? तो हसेल. म्हणेल, हा मास्तर आहे की गावचा भगत? शिवाय एका ओळीत डोंगर राखा म्हणायचं आणि खालच्याच ओळीत आम्हाला कापू द्या म्हणायचं, हे मला बरं दिसेना. मी पायरी गाळली, वरची कड गाळली, विळेही गाळले. त्याऐवजी एक वाक्य लिहिलं आणि त्याचा मला पुढं कितीतरी दिवस अभिमान होता: 'या वनातील गवताच्या काडीलाही कोणी हात लावू नये, अशी समस्त ग्रामस्थांची एकमुखी इच्छा आहे.' चावडीवर मी तेवढंच वाचून दाखवलं. बाकीची कचेरीची भाषा आहे म्हणालो. खडीवाल्याला बरा दणका दिला, म्हणून लोक खूश झाले. सगळ्यात आधी मामांनी अंगठा दिला, मग गावानं.

दरखास्त फळली, मला वाटलं होतं त्याहून जास्त फळली. साहेब आले, डोंगर चढून दमले, गावाचं तोंडभर कौतुक केलं. वर्षाच्या आत डोंगराला तार लागली, पाटी लागली, चौकीदार आला. खडीवाले परत फिरकले नाहीत, हे खरं. पण त्या दिवाळीनंतर ओट्यावरचे विळे वाटायचे कशाला, हाच प्रश्न पडला. पाऊसपाणी बरं होतं, बांधाबांधावर चारा होता, म्हणून कुणी फार बोललं नाही. मामा म्हणाले, "चांगलं साल हाय, चालंल. वरची कड तर कागदावर हाय ना?"

मी मान हलवली. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर आणखी एक दरखास्त देऊन भागलं असतं आणि चार शिव्या खाऊन मी मोकळा झालो असतो. पण मी मान हलवली.

पुढचे दोन पावसाळे कोरडे गेले. पंच्याऐंशीच्या मार्गशीर्षात बारवेची नववी पायरी उघडी पडली. मामा मला घेऊन खाली उतरले, त्यांनी पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि म्हणाले, "चला लातूरला. कागद दावू."

अहमदपूरहून एसटीनं निघालो. चाकूरच्या पुढं रस्त्यानं जनावरांचे तांडेच्या तांडे बाजाराकडं चाललेले दिसत होते, बरगड्या मोजून घ्याव्यात असे. मामा खिडकीतून बघत होते. म्हणाले, "त्यास्नी वरची कड न्हाई, बिचाऱ्यांला." अजूनही मधला एक तास माझ्या हातात होता, आणि मी तो खिडकीबाहेर बघण्यात घालवला.

साहेब भला माणूस होता. त्याच्यावर खापर फोडून मला सुटता येत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि फाईल मागवली. म्हणाला, "तुमच्या अर्जात तशी नोंद असेल तर मी आजच वर लिहितो."

मामा खुर्चीत ताठ झाले. "हाय की. मास्तरनं लिवलंय."

साहेबानं दरखास्त माझ्यापुढं सरकवली. "कुठं आहे, वाचा गुरुजी."

माझंच अक्षर. वळणदार, एकही खाडाखोड नाही. खाली अंगठ्यांच्या रांगा. मामा माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या तोंडावर काळजीचा मागमूसही नव्हता. मी वरपासून खालपर्यंत वाचल्यासारखं केलं आणि म्हणालो, "यातलं एक पान दिसत नाही, साहेब. कचेरी जुन्या जागेतून इकडं आणताना गहाळ झालं असेल."

साहेबानं फाईल उलटीपालटी केली. मग माझं ते लाडकं वाक्य मोठ्यानं वाचलं, काडीसकट. आणि मामांना म्हणाला, "बाबा, फाईलमध्ये आहे त्यावरच मला चालावं लागतं. हे तुम्हीच लिहून दिलंय. नव्यानं अर्ज द्या, वर पाठवतो. पण वेळ लागेल."

मामा माझ्याकडं बघत राहिले. मग उठले, साहेबांना रामराम केला आणि बाहेर पडले. परतीच्या एसटीत ते माझ्याशेजारी न बसता पुढच्या बाकावर जाऊन बसले, आणि पुढं धक्के कमी बसतात म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्या उन्हाळ्यात तारेपलीकडं वरची कड पिवळीधमक उभी होती आणि तारेअलीकडं गावची जनावरं माना वर करून तिकडं बघत होती. ते ज्यानं पाहिलं त्याला दुष्काळ म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. एकदा तरणी पोरं तार तोडायला निघाली, तर मामाच आडवे झाले. "गावानं अंगठं दिल्यात. आपुन दिलेला शब्द आपुनच मोडायचा का?"

झालं. गावाचा सगळा राग त्यांच्यावर फिरला. पहिला अंगठा त्यांचाच होता. ग्यानोबानं डोंगर विकला, असं चारचौघांत बोललं जाऊ लागलं. अमृतराव पाटलांनी जुन्या विळ्याचं उट्टं काढलं, भर चावडीत म्हणाले, "आमचा विळा मोजत होता, आता मोज म्हणावं तारेचे खांब." मी तिथंच बसलेला असायचो. मास्तरांनी बिचाऱ्यांनी चांगल्यासाठी लिहिलं, असं लोक म्हणायचे आणि मी चहा प्यायचो. मामांना कुणी विचारलंच तर ते एवढंच म्हणत, "एक पान गहाळ झालं म्हणत्यात." माझ्या दारात ते कधी येऊन बसले नाहीत. बसले असते तर बरं झालं असतं.

चैत्रात मामांनी बैलजोडी हाळीच्या बाजारात विकायला नेली. वाटेत मी समोर आलो तर कासरा न सोडता मान हलवून पुढं गेले. नव्या अर्जाचं उत्तर आलं तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि कडेचं वाळलेलं गवत उभ्या उभ्या कुजत होतं. त्या पोळ्याला महादेवाच्या ओट्यावर एकाही घरानं विळा आणून ठेवला नाही. राखणदारकी कुणी काढून घेतली नाही; ती नुसती संपली.

मी बदली मागितली नाही. कुणी याला प्रायश्चित्त म्हणेल, तर ते खोटं आहे. शाळा सातवीपर्यंत झाली होती, गावात मला मान होता, आणि मान सोडून माणूस सहसा जात नाही.

वीसेक वर्षांनी वारं फिरलं. डोंगर गावानंच सांभाळावा, त्यासाठी गावाची समिती व्हावी, असं आता वरूनच येऊ लागलं. पंचशीला मॅडम म्हणून एक तरुण अधिकारी गावात आल्या आणि विचारू लागल्या, पूर्वी तुमचे नियम काय होते? माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. लिहायचं काम साहजिकच माझ्याकडं आलं. मी चाचरत नवव्या पायरीचं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गुरुजी, हेच आधी लिहा." ज्या गोष्टीची मला लाज वाटली होती तिचं मोल करायला असं परकं माणूस यावं लागलं.

कागद घेऊन मी मामांकडं गेलो. ते पंचाहत्तरीला टेकलेले, बाजेवर बसले होते. "मामा, सगळं लिहिलंय," मी म्हणालो. "वरची कड, नववी पायरी, एका घराला एक विळा. पहिला अंगठा तुमचा हवा."

त्यांनी कागद हातात घेतला आणि घरात हाक मारली, "शिवकांता, भाईर ये. हे वाचून दाव."

शिवकांता त्यांची नात. माझ्याच हाताखाली सातवी झालेली, आता अहमदपूरला कॉलेजात. ती शब्दन् शब्द वाचू लागली आणि मामा डोळे मिटून ऐकू लागले, एकेका नियमाला एकेक बोट मिटत. माझं लिहिलेलं मीच शिकवलेल्या पोरीकडून तपासून घेतलं जात होतं आणि मी समोर उभा होतो. मला बस कुणी म्हणालं नव्हतं.

"बराबर हाय," मामा म्हणाले आणि अंगठा दिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या टायमाला बी एकच पान हुतं, मास्तर. म्या अंगठा एकदाच दिला हुता."

मी कागद उचलला. कसंबसं विचारलं, "मग गावात बोलला का नाहीत, मामा?"

"बोललो आसतो तर गावानं तुमाला ठिवलं आसतं का? पोरास्नी मास्तर पायजे हुता." ते अंगठ्याची शाई पटक्याच्या शेवाला पुसत होते. "बैलं काय, बाजारात मिळत्यात."

मिळतात. पण मामांनी परत घेतले नव्हते. त्या चैत्रापासून त्यांची दावण रिकामीच होती आणि शाळेला जाता-येता मी ती रोज बघत होतो.