बाबांचा डावा डोळा

त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत घरोघरी डोळे आले होते. आधी माझ्या मुलीचे आले, मग माझे. म्हणून एका संध्याकाळी बाबांचा डावा डोळा लालबुंद दिसला, तेव्हा मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

बाबा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. मी यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातल्या एका कारखान्यात सुपरवायझर. कामावरून आलो, त्यांच्याकडे पाहिलं आणि मुलीच्या थेंबांची उरलेली बाटली कपाटातून काढून दिली.

"तुमचेही आले वाटते बाबा."

"आले असन," ते म्हणाले. "पण लय ठणकून राह्यला रे. इकडचं कानशील बी धरलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दोनदा उलटी झाली. आई म्हणाली, पित्त झालं. तिनं आलं-लिंबू करून दिलं. मी बूट घालत होतो, तेव्हा बाबा देवघरातल्या बल्बकडे बघून म्हणाले, "काहून रे, ह्याच्याभोवती रंगाचं कडं दिसून राह्यलं?"

"थेंबांमुळं असन," मी म्हटलं आणि गाडीला किक मारली. त्या दिवशी माल निघायचा होता.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर चहा ठेवला. त्यांनी उजवा डोळा तळहातानं झाकला आणि माझ्याकडे तोंड केलं.

"ह्या डोळ्यानं तू दिसून नाही राह्यला," ते म्हणाले.

ऑटोनं यवतमाळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी टॉर्च मारला, यंत्रावर बाबांची हनुवटी टेकवून डोळ्यातला दाब मोजला, पुन्हा मोजला.

"किती दिवस झाले?"

"आज तिसरा."

त्यांनी मला बाजूला घेतलं. डोळ्यातलं पाणी बाहेर पडायची वाट अचानक बंद झाली होती, त्यामुळे दाब वाढून आतली नस दबली होती. हा काचबिंदू. डोळे येतात तेव्हा खाज येते, चिपडं धरतात, सकाळी पापण्या चिकटतात. ते बहुधा आपोआप बरे होतात. पण एकच डोळा लाल, त्यात ठणका, उलटी, दिव्याभोवती कडं आणि अंधूक दिसणं, असं असलं की त्याच दिवशी यायचं. एकेक लक्षण त्या सांगत होत्या आणि मी नुसती मान हलवत होतो. सगळी लक्षणं बाबांनी मला सांगितली होती.

सलाइन लागलं, गोळ्या झाल्या, मग लेझर झालं. दाब उतरला, लाली गेली. डावा डोळा आता बाहेरून अगदी चांगला दिसतो, पण त्यात फक्त उजेड कळतो. उजव्या डोळ्यालाही पुढे असं होऊ नये म्हणून लेझर करून घेतलं.

निघताना मी विचारलं, "पहिल्याच दिवशी आणलं असतं तर?"

बाईंनी फाईल बंद केली. "वाचायची शक्यता बरीच होती," त्या म्हणाल्या.

ऑटोत बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुले कुठं ठाऊक होतं? मीच म्हटलं ना, आले असन म्हणून." ते रागावले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी आर्णी रोडकडे बघत बसलो.

आता ते रोज सकाळी चौकात पेपर घ्यायला जातात. पहिल्या दिवशी डाव्या बाजूला उभ्या असलेल्या स्कूटरला धडकले. मी धावत जाऊन हात धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला. "मले जाता येते," एवढंच म्हणाले. तेव्हापासून मी फाटकात उभा राहतो. त्यांच्या डावीकडून एखादी मोटारसायकल आली की माझ्या तोंडून हाक निघते, पण ती त्यांच्यापर्यंत पोचत नाही.