कबुलीतलं धुकं

सौदीतल्या यान्बूची ती दुपार अजून मनातून जात नाही. दोन हजारच्या दशकातली गोष्ट. मी पुण्यात गुन्हे शाखेत निरीक्षक होतो आणि अर्जित रजा टाकून बहिणीकडे महिनाभर राहायला गेलो होतो. मेहुणे तिथल्या रिफायनरीत इंजिनिअर. घरात दिवसभर पडदे ओढलेले, एसीची घरघर, आणि बाहेर ऊन इतकं पांढरं की समुद्र कुठे संपतो ते कळत नसे. सगळे दिवस अर्धवट झोपेत चालल्यासारखे जात.

एका शुक्रवारी मेहुणे धापा टाकत आत आले.

"दादा, आमच्या ओळखीतला एक जण म्हणतोय, मी खून केलाय. उद्या पोलिसांना सांगणार आहे. तुम्ही एकदा बोला त्याच्याशी."

त्या ओळखीच्या माणसाच्या खोलीत राहणारा मित्र, नाशिकचा एक इंजिनिअर, आठवड्यापूर्वी समुद्रात पोहताना बुडाला होता. पोलिसांनी अपघात धरला होता. फक्त या माणसाचा जबाब राहिला होता. त्या देशात खुनाची कबुली म्हणजे जिवाशी गाठ. मला तिथे कसलाही अधिकार नव्हता, तरी गेलो.

माणूस चाळिशीतला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. कबुली देणाऱ्याला मी कधी अडवत नसे. त्यालाही बोलू दिलं.

"पाण्याकडे उतरायला दगडी पायऱ्या होत्या, शेवाळलेल्या. धुकं होतं. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. त्याने कोटाची कॉलर वर केली, आणि मी ढकललं."

"कोट कसला?"

"लोकरीचा."

मी पडदा सारला. बाहेर उभ्या गाड्यांवरून झळा उठत होत्या. तो त्यांच्याकडे बघतच राहिला, जणू हे गाव त्याने पहिल्यांदा पाहिलं.

मेहुणे माझ्या कानाशी म्हणाले, "हे एका ब्रिटिश मालिकेतलं आहे. डिशवर दर शुक्रवारी लागायची. हा एकही भाग सोडत नसे." ज्या कादंबरीवरून ती केली होती, ती त्याच्या उशाशीच पडली होती.

मी खुनाबद्दल विचारणं सोडलं. "मित्र पोहायला निघाला तेव्हा तुम्ही काय करत होता?"

त्याने उशाशी पडलेली कादंबरी उचलून मांडीवर घेतली.

"शेवटचा भाग चालू होता. तो म्हणाला, चल, पोहून येऊ. मी म्हटलं, तू हो पुढे. पुस्तकातला शेवट यांनी बदललाय का, तेवढं बघतो आणि येतो." त्याने पुस्तक बाजूला सारलं. "गेलो तेव्हा वाळूवर नुसता टॉवेल होता, साहेब."

"उद्या एवढंच सांगायचं."

दुसऱ्या दिवशी कंपनीचा दुभाषी त्याच्याबरोबर आत गेला. मी बाहेर, उघड्या दारासमोरच्या बाकावर बसलो. थोड्याच वेळात तिथला अंमलदार "खलास" म्हणाला, म्हणजे संपलं, आणि त्याने फाईल मिटली.

मृतदेह घेऊन तो नाशिकला गेला आणि मित्राच्या बायकोला सगळं खरं सांगितलं. त्याने मला नंतर पत्र लिहिलं. त्या बाई म्हणाल्या होत्या, "भावोजी, हे कधी कुणासाठी थांबले नाहीत. तुम्ही टीव्ही बंद करून उठला असतात, तरी तुमच्या पायात चप्पल जाईपर्यंत हे पाण्यात असते."

सुटण्यासाठी खोटं बोलणारे मी नोकरीभर पाहिले. हा अडकण्यासाठी बोलत होता. आपण तिथे नव्हतो, याहून खून केला हे त्याला सोसण्यासारखं वाटलं. माझ्या प्रश्नांनी त्याचा जीव वाचला. पण त्याला झोप लागली ती त्या बाईंच्या बोलण्यानंतर.