जावयाने विकलेले सिंह

सासरी त्याला तोंडावर सगळे जावईबापू म्हणत, आणि तो जिना चढून वर गेला की होऊनजाईल. हे नाव मेव्हणीने ठेवलेलं. नळ गळतोय म्हटलं की हा म्हणणार, "होऊन जाईल." नोकरीचं काय म्हटलं तरी, "होऊन जाईल." नळाचं शेवटी प्लंबरने केलं. नोकरीचं कोणीच केलं नाही.

आधी तो एका कंपनीत प्रोग्रामर होता. ती नोकरी का सुटली याच्या दोन हकिकती होत्या. त्याची हकिकत अशी, की साहेबाला त्याची झेप पेलली नाही. दुसरी त्याच्या बायकोने विश्वासाने फक्त धाकट्या बहिणीला सांगितली होती, म्हणजे ती गल्लीभर झालीच. साहेबाने एक काम दाखवून विचारलं, "हे तू लिहिलंस?" हा छाती काढून म्हणाला, "अर्थात." आणि ज्याने ते लिहिलं होतं तो बिचारा शेजारच्याच टेबलावर डबा खात बसला होता.

तर असे हे गृहस्थ बायकोसह सासऱ्यांकडे राहायला आले. बायको सकाळी दवाखान्यात कामाला जाई ती संध्याकाळी येई. हा दिवसभर मोकळा. सासऱ्यांचं दुकान दारांच्या सामानाचं: बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, मुठी, अडसर. खाली दुकान, मागे घर, वर माळ्यावर एक खोली. त्या खोलीत त्याने दुकानाच्या खर्चाने एक चाकांची खुर्ची आणवली आणि तीत बसून तो विचार करू लागला. विचार करताना खुर्ची गोल फिरायची, आणि खाली गिऱ्हाइकांच्या डोक्यावर छत कुरकुरायचं.

एक दिवस सासरेबुवांनी वर येऊन सांगितलं, "जावईबापू, आपला माल ऑनलाइन बाजारात जातो, ते सगळं धाकटी हाताने करते. तुम्ही कंप्युटरवाले. ते काम नीट लावून द्या, खुर्ची तुमची. नाहीतर खाली काउंटरवर उभे राहा. मला बिजागऱ्या दाखवायला माणूस हवाच आहे."

काउंटर! गिऱ्हाइकाने विचारायचं, "तीन इंची आहे का?" आणि आपण गुडघ्यावर बसून खालचा खण उपसायचा! खुर्चीचा हात घट्ट धरून होऊनजाईल म्हणाला, "होऊन जाईल."

तोवर मेव्हणी रोज सकाळी त्या बाजाराचं विक्रेत्यांचं पान उघडायची, ऑर्डरी वाचायची, पत्ते छापायची, खोकी बांधायची. तोंडाने गाणं, हाताने काम. त्याने पहिलं काय केलं, तर तिला त्या पानाला हात लावायची बंदी केली.

"हे आता आपोआप होणार. दोघांनी हात घातला की गोंधळ होतो."

"भावजी, एकाने घातला की होत नाही ना?" मेव्हणी म्हणाली. पण पान बंद केलं.

आता प्रोग्रामने बाजाराच्या कंप्युटरशी बोलायचं म्हणजे किल्ली, म्हणजे दुकानाची सांकेतिक ओळख, कशी दाखवायची, ऑर्डरी कशा मागायच्या, शिल्लक माल कसा कळवायचा, याच्या शंभर भानगडी. पण कुठल्याशा देशातल्या एका भल्या माणसाने त्या सगळ्या निस्तरून एक लायब्ररी लिहून ठेवली होती. कोडची तयार पेटीच म्हणा. ती त्याने लोकांना फुकट दिलेली. आपण ती उतरवून घ्यायची, दुकानाची किल्ली तीत भरायची, वर आपल्या चार ओळी लिहायच्या. पेटीबरोबर माहितीचं पानही होतं. ते होऊनजाईलने वाचलं नाही. वाचणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. माहिती वाचतो तो कारकून, असं त्याचं मत. चार ओळी लिहायला त्याने आठवडा घेतला, पडदे ओढून. चहा दाराबाहेर ठेवायचा, असा हुकूम होता.

मग एका दुपारी त्याने सगळ्यांना दुकानात गोळा केलं. पत्ते छापायचं यंत्र काउंटरवर आणून ठेवलं होतं. त्याने वर जाऊन कळ दाबली, आणि खाली यंत्र कुरकुर करत पत्ता ओकू लागलं. एक, मग दुसरा, मग तिसरा. सासरेबुवांनी चष्मा लावून पहिला कागद वाचला आणि सासूबाईंना हाक मारली.

"अगं ए... सिंह!"

या सिंहांचं जरा सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी सासरेबुवांनी हौसेने पितळी सिंहमुखी कड्या ओतवून घेतल्या होत्या. सिंहाच्या जबड्यात जाड कडी, ती दारावर आपटायची. सिंह करायला सांगितला खरा, पण ओतणाऱ्याच्या हातून झाला तो दाढ दुखणारा कोणी जमाखर्चाचा कारकून. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अहो, दार वाजवायला आलेला माणूस हे तोंड बघून परत जाईल." माणूस दारापर्यंत जायचा प्रश्नच आला नाही, कारण एकही कडी खपली नाही. तरी दुकानाच्या यादीत सासरेबुवांनी सिंहांना हट्टाने पहिल्या नंबरावर ठेवलं होतं. घरात त्यावरून जेवताना रोज एक टोमणा ठरलेला.

आणि आता सिंहच सिंह. प्रत्येक ऑर्डर सिंहाची!

"बघितलंस?" सासरेबुवा म्हणाले. "मालात खोट नव्हती. पोचवणारा नव्हता."

"मी फक्त योग्य माणसांपर्यंत नेलं," जिन्यावरून होऊनजाईल म्हणाला. पेटी लिहिणाऱ्याचं नाव काही त्याच्या तोंडून आलं नाही.

सासूबाईंनी मात्र दोन-तीन कागद हातात घेतले. "जावईबापू, यावर 'ग्राहक एक', 'ग्राहक दोन' असंच आहे. माणसांना नावं नाहीत का?"

"खासगीपणाचा नियम आहे, आई. बाजार नावं लपवतो."

"आणि हे सगळेच 'मुख्य रस्ता' इथे राहतात?"

"सिंहमुखी कडी घेणारा माणूस बोळात राहील का?" तो म्हणाला, आणि सासरेबुवांनी इतकी जोरात मान हलवली की चष्मा नाकावर घसरला.

पुढचे दिवस सासरेबुवा जमिनीवर नव्हतेच. मेव्हणी सिंह पुसून खोक्यांत भरत होती. समोरच्या कुलूपवाल्याला त्यांनी मुद्दाम बोलावून तो ढीग दाखवला. "आमचे जावई," एवढंच म्हणायचे आणि पुढचं त्याने विचारावं म्हणून गप्प बसायचे. तो विचारायचा नाही. मग आपणच सांगायचे. वर ओतणाऱ्याकडे आणखी सिंहांची ऑर्डर देऊन आले, तीही बायकोला न विचारता.

अडलं ते खोकी न्यायला येणाऱ्या कुरियरवाल्यापाशी. त्याने हातातलं यंत्र पहिल्या पत्त्यावर धरलं, दुसऱ्यावर धरलं, आणि मान हलवली. "काकू, हे नंबर आमच्याकडे नाहीतच."

"तुमचं यंत्र जुनं आहे," वरून आवाज आला.

"कालच नवं मिळालंय, साहेब."

"मग नवीन आहे म्हणून."

कुरियरवाला रोज येई, यंत्र धरी, रिकाम्या हाताने जाई. खोकी आधी काउंटरमागे होती, मग जिन्याच्या पायऱ्यांवर चढली. वर जायचं तर सिंहांमधून वाट काढावी लागे. मेव्हणी म्हणाली, "भावजी, आता हे खुर्चीपर्यंत आले की तुम्हीच खाली या." हे जरा लागलं.

मग त्याने त्या पेटीवाल्या भल्या माणसाला एक पत्र लिहिलं, तेही जगाला दिसेल अशा तक्रारींच्या पानावर. त्यात "बेजबाबदार", "असलं फालतू काम" आणि "माझ्यासारख्या अनुभवी माणसाचा वेळ" हे सगळं होतं. फुकट घेतलेल्या वस्तूबद्दल इतका संताप फुकट घेणाऱ्यालाच येऊ शकतो.

उत्तर चहाच्या वेळेला आलं. अगदी शांत उत्तर. "आपण अजून सरावाच्या बाजारात आहात. ही लायब्ररी सुरुवातीला तिथेच जोडली जाते, म्हणजे नवख्या माणसाच्या हातून खऱ्या दुकानाचं नुकसान होऊ नये. तिथली ऑर्डर खोटी असते आणि नेहमी यादीतल्या पहिल्या वस्तूची येते. खऱ्या बाजारात जायचा खटका वेगळा आहे. माहितीच्या पानाची पहिली ओळ पाहावी." खाली कोण्या तिऱ्हाइताने हसरा चेहरा टाकला होता.

होऊनजाईलने पहिली ओळ पाहिली. तिथे तेच लिहिलं होतं. ठळक अक्षरांत.

दुसरा कोणी असता तर खाली गेला असता. हा म्हणाला, कोणाला कळण्याआधी गुपचूप खटका फिरवू, खऱ्या ऑर्डरी आल्या की सिंह हळूहळू विसरले जातील. त्याने खटका फिरवला. पण पत्ते छापायचं यंत्र काउंटरवर आहे आणि ते आपणच आपोआप केलंय, हे या हुशार माणसाच्या ध्यानातच आलं नाही.

खाली यंत्र सुरू झालं. मेव्हणीला पान बंद केल्यापासून साचलेल्या सगळ्या खऱ्या ऑर्डरी एकदम बाहेर पडू लागल्या. कागदाची पट्टी काउंटरवरून लोंबली, जमिनीला टेकली, गिऱ्हाइकाच्या चपलेभोवती गुंडाळली. माणसांना नावं होती. पत्ते बोळांतलेही होते. प्रत्येकावर लाल शिक्का: उशीर. आणि सगळ्यात शेवटी बाजाराची ताकीद: आज संध्याकाळपर्यंत खुलासा न आल्यास दुकान बंद करण्यात येईल.

सासूबाईंनी ताकीद वाचली. मेव्हणीने बिजागऱ्या आणि मुठी मोजायला घेतल्या. सासरेबुवा मात्र पट्टीचं एक टोक धरून पुढे पुढे सरकवत होते.

"यात सिंह कुठाय?"

त्यांनी पट्टीचं दुसरं टोकही उलटून पाहिलं.

"एकही नाही?"

"बाबा," मेव्हणी म्हणाली, "सिंह कधी गेलेच नव्हते."

मग वरून होऊनजाईलला खाली आणण्यात आलं. खुलासा त्याने लिहायचा, असं ठरलं. त्याने लिहिलं, "काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे..."

"हे खोडा," सासूबाई म्हणाल्या. "दुकान माझ्या लग्नाआधीपासून आहे. तुमच्या कारणांपायी जायचं नाही. काय झालं ते लिहा."

त्याने खोडलं. लिहिलं, "यंत्रणेकडून चूक..."

"यंत्रणा तुम्हाला जेवायला वाढते का?"

त्याने तेही खोडलं. शेवटी त्याने लिहिलं, की मी सूचना वाचली नाही, त्यामुळे ऑर्डरी दिसल्या नाहीत, दोष माझा. लिहिताना तोंड असं झालं होतं की एखादी कडी जबड्यात दिली असती तर शोभली असती. मेव्हणीने ते बाजाराला पाठवलं. बाजाराने मुदत वाढवून दिली. बहुधा तिकडेही कोणी तो खुलासा वाचला नसावा.

दुकान वाचलं, खुर्ची नाही. मेव्हणीने ती त्याच दिवशी जिन्यावरून धडधडत खाली आणली, काउंटरमागे लावली आणि बाजाराचं पान पुन्हा उघडलं. ती लायब्ररीही तिने ठेवून घेतली. "चांगली आहे हो, भावजी. माहिती वाचली की लगेच चालते."

होऊनजाईलला काम मिळालं सिंह बाहेर काढून खोकी मोकळी करायचं, म्हणजे त्यांत बिजागऱ्या भरता येतील. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून चिकटपट्टी नखाने खरवडत होता. शेजारी सासरेबुवा एकेक सिंह घेऊन धोतराने पुसत होते. ओतणाऱ्याला नवीन माल थांबवायला कसं सांगायचं, हे त्यांना सुचत नव्हतं, आणि बायकोला कसं सांगायचं, हे त्याहून सुचत नव्हतं.

"मला एक सांगा," होऊनजाईल हळूच म्हणाला, "इतकी महत्त्वाची गोष्ट पहिल्याच ओळीत कोण लिहितं? पहिली ओळ कोणी वाचतं का?"

सासरेबुवांनी सिंहाच्या नाकावरचा डाग पुसला आणि मनापासून मान डोलावली.

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले. "मालात खोट नाही."