सुनंदाचा पाण्याचा नेम

पलूसच्या आमच्या गल्लीत नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, पण किस्से रोज! त्यातले सुनंदा टेलरणीचे तेवढे मी पोटात ठेवले. कुणाच्या घरात कसली फोडणी पडली ते ओळखणारी मी! परवा तीच म्हणाली, "आक्का, लिवा आता."

*

नव्वदच्या दशकाची अखेर. नवरा एचआयव्हीनं गेला, त्याच्यामागं सुनंदालाही तोच निघाला. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठं बोलली. हडकली होती. स्वतःच्या ब्लाऊजला शिवणीत जास्तीचं कापड सोडणंच तिनं बंद केलं. "मला कुठं जाड व्हायचंय?" लेकीच्या, मंदाच्या, लग्नाचा ब्लाऊज मात्र शिवून ट्रंकेत ठेवला. स्थळ अजून बघायचं होतं!

*

मग जहाजावर कामाला असलेल्या तिच्या भावानं परदेशातून नवी गोळी आणली. प्रोटीएज इनहिबिटर. मिरजेच्या डॉक्टरांनी ती आधीच्या गोळ्यांच्या जोडीला दिली. विषाणू आधी लांबलचक पट्टा बनवतो, मग कात्रीसारख्या रसायनानं कापून त्यातून नवे विषाणू जुळवतो. ही गोळी ती कात्रीच अडवते, असं त्यांनी समजावलं. मी नुसती मान हलवली.

सुनंदा म्हणाली, "म्हंजे ताग्यावर तागा पडलाय, पण कापायला कात्री चालंना!"

डॉक्टर खुर्चीत मागं रेलून हसले.

*

गोळी दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी, वर तांब्या तांब्या पाणी. नाहीतर मुतखड्याची भीती. पण कुणाचं पोट रिकामं राहू देईल ती आमची गल्ली कसली? जो तो ताट घेऊन हजर. शेवटी मीच उठवलं, सुनंदानं पाण्याचा नेम धरलाय.

आठवड्यात निम्म्या बायकांनी नेम धरला. सामायिक संडासापुढं रेशनपेक्षा मोठी रांग!

*

काही महिन्यांनी सुनंदा दारात आली. श्वास घेता येईना म्हणाली. मी रिक्षा बोलवायला धावले.

"आवं आक्का, रिक्षा नगं. ब्लाऊज आवळतोय!"

उसवून सैल करावा, तर शिवणीत कापडच सोडलेलं नव्हतं.

*

मंदाचं लग्न ठरलं. ट्रंकेतला ब्लाऊज घालून ती बोहल्यावर उभी राहिली. नेमक्या दुपारच्या गोळीच्या वेळी कोरेगावच्या विहीणबाई जिलेबी घेऊन सुनंदाच्या तोंडाशी. मी मध्ये पडले, नेम हाय म्हटलं.

विहीणबाईंनी विचारलं, "असल्या नेमाचं फळ काय मिळतं वो?"

सुनंदानं पदराआड गोळी गिळली, तांब्या रिकामा केला आणि मंदाकडं बघितलं.

"मिळालं की. ते काय, समोर उभंय."

विहीणबाईंनी जिलेबी खाली ठेवली. "मग मलाबी एक तांब्या द्या. धाकट्याचं कुठं जमंना झालंय."